दमलेल्या वाफेचा जोर

एटोबिकोच्या हॉलमध्ये जयंतीचं जेवण मांडताना कुणीतरी भाजीच्या ट्रेखाली स्पिरिटचे दिवे पेटवले, आणि त्या वासासरशी मी क्लाउसच्या गॅरेजमध्ये जाऊन पोचलो.

क्लाउस म्हणजे ब्रॅम्पटनमधला आमचा पहिला घरमालक, म्हातारा जर्मन; त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही भाड्याने राहायचो. नागपुरात पंधरा वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला मी तेव्हा वेअरहाउसमध्ये खोकी उचलत होतो. त्या दिवशी आणखी एका कंपनीचा नकार आला. बेसमेंट सोडून भारतात परत जातोय, हे सांगायलाच मी गेलो होतो. क्लाउस मात्र जुन्या जर्मन एक्स्प्रेसचं, स्वतः घडवलेलं छोटं इंजिन स्पिरिटवर तापवत बसला होता. तसलं खरं इंजिन त्याचे आजोबा चालवायचे.

"बघ," तो म्हणाला, "वाफ आधी या लहान सिलिंडरमध्ये राबते. पूर्वी ती तिथूनच बाहेर सोडून द्यायचे. मग आमच्या लोकांनी तिला या दुसऱ्या सिलिंडरमध्ये धाडलं. दमलेली असली तरी तिच्यात जोर असतो. फक्त जागा मोठी द्यावी लागते."

चाकं फिरायला लागली. बेसमेंट सोडायचं मी बोललोच नाही. घरी येऊन पुन्हा अप्लाय केलं.

"अहो, प्लेट घ्या ना!" बायकोने हलवलं.

क्लाउस आता नाही. पण आभार मानले असते तर तो गोंधळलाच असता. तो बिचारा फक्त इंजिनाबद्दल बोलत होता.