गणिताच्या तासाला नाच

बहीण गेली त्याच्या पाचव्या दिवशी आमचे जुने मुख्याध्यापक तिच्या घरी भेटायला आले. सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय नाचे बाप्पा ती! अख्ख्या तालुक्यात तशी पोरगी नव्हती."

मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो. तोलून बोलायची सवय आहे.

ती माझ्याहून वर्षानं मोठी. बंजारा तांड्यावरून पोरीला एकटी कशी धाडायची, म्हणून घरच्यांनी तिला वर्षभर थांबवलं आणि मूर्तिजापूरजवळच्या शाळेत आम्ही एकाच वर्गात बसलो. गणितात माझी कुवत बेताची. तिला उदाहरण वाचतानाच उत्तर दिसायचं.

शाळेत कोणीही पाहुणा येणार असला की बंजारा नाच ठरलेला. सराव गणिताच्या तासाला. गावातल्या वकिलांच्या, पाटलांच्या मुली स्वागतगीत म्हणत. त्यांचा सराव मात्र शाळा सुटल्यावर, कारण त्यांचे बाप विचारायला आले असते. आमच्या बापाला शाळेचं फाटक ओलांडायची भीती वाटायची.

एकदा मुख्याध्यापक सरावाला बोलवायला वर्गात आले, तर ती उठलीच नाही. "सर, आज भूमिती हाय."

"भूमिती शिकून कलेक्टर होतं का व तू? चाल, घागरा घाल. तुमच्या तं रक्तातच नाच हाय." वर्ग हसला. मीही उठू लागलो तर मला म्हणाले, "तू बस. तुले नौकरी कराची हाय."

घरी ती मला वर्गात काय झालं ते विचारायची. मी अर्धवट सांगायचो आणि त्यावरून पुढचं तीच मला समजावायची. बीजगणितात एवढ्यावर भागलं. भूमितीत भागलं नाही. दहावीला मी पास झालो, ती गणितात राहिली. "तांड्यावरच्या पोरी कच्च्याच रायतात," हेच सर तेव्हा म्हणाले होते. तास काढून घेणारेही तेच. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं. तिचा नाचतानाचा फोटो अजून शाळेच्या ऑफिसात टांगलेला आहे, शाळेची शान म्हणून.

आठवीतली भाची रिकामा तांब्या उचलायला आली. ती त्याच शाळेत जाते. सर आता संस्थेवर आहेत.

"तूच का व तिची? पुढच्या महिन्यात संमेलन हाय. आईचा घागरा असंलच घरात."

"सराव कधी असतो, सर?" मी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीनंतर."

"तवा गणित असते," भाची म्हणाली.

सर हसले. "एखाद्या तासानं का होते? कलेचा मान हाय तो."

"तो मान यंदा वकिलांच्या पोरींना द्या," मी म्हणालो. "ही वर्गात बसेल."

मी उठलो, दाराशी गेलो आणि सरांच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.