एकतीस मेंढरं आणि एक लांडगा

माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे भीमेच्या घाटावर कावळ्याची वाट बघत बसलो होतो. कावळा पिंडाला काही शिवेना. तेवढ्यात नात्यातले एक गृहस्थ माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही जंगली प्राण्यांचे फोटो काढता म्हणे. लेन्स कोणती वापरता?" शेजारी सासूबाई नसत्या, तर मी त्यांना पाण्यात ढकललं असतं.

हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फोटो दाखवा, लोक दोन सेकंद बघतात आणि लगेच लेन्स विचारतात. फोटोत काय चाललंय, ते कोणाला नको असतं. माझा कॅमेरा जुना आहे. मुलाने नवा घेतला तेव्हा हा मला देऊन टाकला. लेन्स कॅमेऱ्याच्या खोक्यातच आलेली, साधी. तिच्यातून लांबचा लांडगा हरभऱ्याच्या दाण्याएवढा दिसतो.

मी खुटबावला राहते. नोकरी सगळी नदीपलीकडे, वडगाव रासाईच्या बाजूला मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त झाले आणि घराच्या वरच्या अंगाला, जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही, त्या माळावर सकाळी जायला लागले. तिथे आबा भेटले. त्यांच्या सगळ्या भाऊबंदांनी केव्हाच मेंढरं विकून ऊस लावला होता. त्यांचे मुलगेही उसातलेच. आबांनी मात्र हट्टाने एकतीस मेंढरं राखली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने जवळचं तेवढं दिसायचं. तरी ते माळावर माझ्यापेक्षा जास्त बघायचे, हे मला आठवड्याभरात कळलं.

शनिवार-रविवार शहरातून गाड्या यायच्या. हाताएवढ्या, पायाएवढ्या लेन्स खिडकीतून बाहेर काढलेल्या. लांडगा दिसला की गाडी गवतात घालायची, तो पळाला की मागे लागायचं. एकदा तर एकाने कोंबडीचे तुकडे टाकून ठेवले होते. आबांनी ते काठीने उचलून खालच्या कालव्याच्या चारीत फेकले आणि मला म्हणाले, "बाई, ह्यांला लांडगा बघायचा न्हाई. ह्यांला त्यो घरी न्यायचा हाय." मी गाडीवाल्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि काच वर केली.

माझंही सुरुवातीला तेच चाललेलं, फक्त गाडी नव्हती. मी आपली डोळे ताणून क्षितिजावर लांडगा शोधायची. आबा एकदा वैतागलेच. "त्याला हुडकू नगा. मेंढराकडं बगा." मी मेंढरांकडे बघत बसायला शिकले. चरताना त्यांच्या माना खाली असतात, तोंडं दहा दिशांना. मग एखादी जुनी मेंढी चरायची थांबते. मान वर. कान पुढे. तिच्या शेजारची तशीच. बघता बघता अख्खा कळप एकीकडे तोंड करून उभा राहतो, आणि ती सगळी बघतात त्या रेषेत नजर नेली की तिथे लांडगा असतोच. आबा जन्मभर असाच लांडगा बघत आले होते.

मग मुलांनी ठरवलं. या डोळ्यांनी म्हातारा एखाद्या दिवशी चारीत पडेल, दिवाळीनंतर मेंढरं विकायची. आबा भांडले नाहीत. मला मात्र त्यांनी एक काम सांगितलं. "जायच्या आदी समदी एका फोटूत येऊ द्या. एक बी सुटू नगं. आन् त्यो बी पायजे. दरसाली एकदोन न्हेली त्यानं, पर जल्मभर संगट ऱ्हायला."

आठ-दहा सकाळी आम्ही बसलो. एका सकाळी जुन्या मेंढीने मान वर केली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. एकतीसच्या एकतीस तोंडं डावीकडे वळली. मी एकदाच बटण दाबलं. घरी येऊन मोजलं, सगळी आली होती. डावीकडे अगदी कोपऱ्यात, वाळल्या गवताच्या रंगाचा, हरभऱ्याएवढा तो उभा. माझ्या हातून आयुष्यात झालेली ही एक गोष्ट मला पूर्ण वाटते, आणि ती अर्धी आबांची आहे.

शिरूरला वन्यप्राण्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. भरवणारा माझाच जुना विद्यार्थी, आता मंडळाचा अध्यक्ष. त्याने फोटो मागितला, मी दिला. मोठा छापून भिंतीवर लागेल, आबांना जवळ जाऊन बघता येईल, एवढाच माझा लोभ. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी मेंढरांचा टेम्पो गेला. आबा त्या दिवशी माळावर आले, पण बसले नाहीत.

मी त्यांना रिक्षाने शिरूरला नेलं. दारातच आमचा फोटो होता. म्हणजे त्याखाली माझं नाव होतं.

अध्यक्षांनी फोटो नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडे दिला होता. तोच जो नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक करतो. लांडगा नीट दिसू दे, एवढं त्याला सांगितलेलं. तो बिचारा त्याला येतं तसं वागला. मुख्य चेहरा मधोमध प्रचंड, आणि खाली कार्यकर्त्यांसारखी मेंढ्यांची तोंडं गोल चौकटीत, ओळीने. माझा लांडगा मोठा केला की ठिपके-ठिपके होऊन फाटत होता, म्हणून त्याने नेटवरून दुसरा आणून बसवला होता. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातला, मानेला उशीसारखे केस असलेला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पुण्याचे नावाजलेले वन्यजीव छायाचित्रकार, त्यांच्या जॅकेटला माझ्या स्वयंपाकघराच्या मांडणीपेक्षा जास्त कप्पे. ते त्या फलकापुढे थबकले, जवळ गेले, मागे आले. "वा! काय शार्प आहे! एकेक केस मोजता येतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, लेन्स कोणती?"

मी तीस वर्षं वर्गात आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "अहो, हा लांडगा माझा नाही, या देशाचाही नाही! माळावर आयुष्य काढता आणि इथला लांडगा ओळखता येत नाही तुम्हाला?" अध्यक्ष मध्ये पडला, "बाई, लोकांना लांडगा दिसायला पाहिजे ना. तुमच्या फोटोत मेंढ्याच मेंढ्या." त्याला मी काय बोलले ते लिहीत नाही. त्याला मराठी मीच शिकवलं होतं, याची मला लाज वाटली.

या गोंधळात आबा फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले होते. खालच्या ओळीतल्या पहिल्या तोंडावर नाक टेकेल इतके वाकले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटच्या चौकटीपर्यंत गेले आणि परत आले.

"बाई," ते म्हणाले, "ही समदी एकच मेंढी हाय. आमची कानफाटी."

खरंच होतं. फ्लेक्सवाल्याने त्यातल्या त्यात बऱ्या आलेल्या मेंढीचं तोंड घेऊन सगळ्या चौकटींत तेच चिकटवलं होतं. इतक्या लोकांनी फोटो बघितला, डोळस लोकांनी, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मग बाकीची कुठं गेली?" आबांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. रिक्षात मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते, मलाही. फोटो कसा छापतोय ते एकदा जाऊन बघायचं, तेवढंही मी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दौंडला गेले. फोटोवाल्याच्या डोक्यावर उभी राहिले आणि एक टिंबसुद्धा न बदलता मूळ फोटो कागदावर छापून घेतला. आबांच्या ओट्यावर तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला आणि एकेका मेंढरावर बोट ठेवत गेले. कानफाटी, बांडी, खोडकी, पवळी, तिची लेक. घाई नाही. एकतिसावर थांबले.

"आणि लांडगा, आबा?" मी विचारलं आणि जीभ चावली. त्या डोळ्यांना तो ठिपका दिसणं शक्यच नव्हतं.

आबांनी लांडगा शोधला नाही. बोट परत कानफाटीच्या कानावर आणलं, ती बघत होती त्या बाजूला कागदावरून सावकाश सरकवत नेलं आणि कोपऱ्यात टेकवलं.

"ह्यो हितं."

मी वाकून पाहिलं. बोटाखाली लांडगा होता.