पाव मांडव

जगात कुठलीही गोष्ट एकदम करू नये, थोडी थोडी करावी आणि चार लोकांना दाखवत राहावी, यावर माझ्या साडूंइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही. असता तर दोघांनी मिळून जिल्ह्याचं एव्हाना काय करून ठेवलं असतं, याचा मी विचार करत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. रेल्वे फाटकापलीकडे त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाचा मांडव, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी असं सगळं पुरवायचा वडिलांपासूनचा धंदा. वडील होते तोवर साडू पुण्याला संगणकाच्या एका कंपनीत होते. तिथे ते नेमकं काय करत, हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "मी स्वतः काम करत नाही, काम करणाऱ्यांच्या अडचणी दूर करतो," असं ते सांगत, आणि सासरे माझ्याकडे बघत. वडील गेल्यावर ते गोंदियाला परतले. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात, यांनी 'अ‍ॅजाइल' नावाची कामाची पद्धत आणली.

या पद्धतीत रोज सकाळी आठ वाजता गोदामात बैठक भरते, आणि तिचं नाव बैठक असलं तरी तिच्यात कुणी बसायचं नाही. बसलं की गप्पा लांबतात. गोल उभं राहून प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढंच सांगायचं आणि पंधरा मिनिटांत पांगायचं. या गोदामात वर्षानुवर्षं सतरंज्यांच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पिण्याची रीत, त्यामुळे पहिल्या दिवशी माणसं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी उभी राहिली. शामराव हे तिथले मांडवाचे मिस्त्री, नुसता बांबू हातात धरून तो किती वारं सोसेल हे सांगणारे. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "काल खांब रोवले. आज बी रोवनार होतो, पन इथं उभा आहो. हेच अडचन." साडूंनी ही अडचण मन लावून वहीत उतरवून घेतली. त्यांचा कधी अपमान होत नाही, त्यांना फक्त अभिप्राय मिळतो. भांडी सांभाळणाऱ्या देवकाबाई मात्र, गुडघे दुखतात म्हणून, भाताच्या उपड्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, बसूनच बोलत. साडूंनी आठवडाभर विचार करून तेवढी सवलत मंजूर केली. गोदामात या सगळ्याला 'पूनावाली मीटिंग' म्हणत.

मग भिंत आली. भिंतीवर 'करायचंय', 'चालू आहे' आणि 'झालं' असे तीन रकाने, प्रत्येक कामाची एक पिवळी चिकट चिठ्ठी, आणि काम सरकलं की ज्याने केलं त्यानेच चिठ्ठी पुढच्या रकान्यात न्यायची. पुण्याच्या काचेवर त्या चिठ्ठ्या चिकटत असतील, आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावला की सगळ्या खाली. एकदा झाडताना देवकाबाईंनी त्या गोळा केल्या आणि जागा दिसेल तिथे लावून टाकल्या. त्या घोळात तिरोड्याचं एक लग्न 'झालं'मध्ये गेलं. दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला की मांडव अजून कसा नाही, तेव्हा गोदामातल्या एकाने भिंतीकडे बघून त्यांना शांतपणे सांगितलं की तुमच्या मुलीचं लग्न होऊन गेलं आहे. पुढे काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शामरावांनी मग भिंतीवर सुतळी बांधली आणि चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावल्या. आपल्या माणसाला आपणहून सुधारणा सुचली, याचा साडूंना इतका आनंद झाला की तिरोड्याच्या भांडणाचं त्यांना काहीच वाटलं नाही.

पण त्यांचं नाव गाजलं ते पाव मांडवामुळे. कंपनीत म्हणे काम थोडं झालं की गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याचं मत घ्यायचं आणि पुढचं करायचं. शेवटच्या दिवशी एकदम पुरा मांडव समोर उभा करणं म्हणजे गिऱ्हाइकावर जबरदस्ती, असं साडूंचं मत. म्हणून नागऱ्याजवळच्या एका गावात लग्नाच्या बारा दिवस आधी ते गेले, नवरीच्या दारात चार खांब रोवले, वर एक पांढरं छत ताणलं, खाली दहा खुर्च्या मांडल्या आणि अभिप्रायासाठी वही उघडून बसले. आता आमच्याकडे भर दुपारी कुणाच्या दारात एवढासा मांडव आणि दहा खुर्च्या दिसल्या की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. तासाभरात गाव जमलं. बायका डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. एक म्हातारबुवा साडूंच्या शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "काऊन जी, परवापावतर तं बरी होती म्हातारी?" ती म्हातारी, म्हणजे नवरीची आजी, तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. साडूंनी वहीत लिहिलं, 'छत रंगीत हवं.'

अशा माणसाला मी माझ्या मुलीच्या लग्नाचा मांडव दिला. दिला म्हणजे बायकोने दिला, कारण सख्ख्या बहिणीच्या घरचं बिछायत केंद्र सोडून दुसऱ्याकडे जाणं तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. मुलगी एकुलती एक. मुलाकडची मंडळी बालाघाटची, मानपानाला जपणारी. चहा गार आला म्हणून ही सोयरीक एकदा मोडता मोडता राहिली होती. मांडवात काही उणं पडलं तर ते माझ्या पोरीला तिथे जन्मभर ऐकावं लागेल, या भीतीने मला धड जेवण जात नव्हतं. साडू मात्र आमच्या दारात पाव मांडव उभा करून आत्या-मावश्यांची मतं घेत होते. पडद्यांचा रंग चारदा बदलला. मी चिडून म्हणालो की ही तुमची कंपनी नाही, इथे चुकलं तर दुरुस्ती करायला दुसरं लग्न लावता येत नाही. ते म्हणाले, "बदल आला तर येऊ द्या भाऊ, आपण तयार आहोत."

बदल लग्नाच्या दिवशी दुपारी तीन वाजता आला. बालाघाटहून वऱ्हाडाची बस निघाल्याचा फोन झाला आणि पाच मिनिटांत वादळ उठलं. पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. घरासमोरच्या शाळेच्या पटांगणावर उभा केलेला मांडव अर्धा आडवा झाला, छताचं कापड शाळेच्या कौलांवर जाऊन पडलं आणि चुलींवर धुळीचा थर बसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. साडू धावत आले आणि सगळ्यांना बोलवायला त्यांनी हात वर केला, पण माणसं आधीच गोल करून उभी होती. त्या दिवशी देवकाबाईसुद्धा उभ्या होत्या. शामराव म्हणाले की मोडलेला भाग सोडून द्यायचा आणि जे खांब टिकले त्यांतच लहानसा पण पक्का मांडव घालायचा. पंगती शाळेच्या वऱ्हांड्यात बसतील, असं देवकाबाईंनी सांगून टाकलं. कुणी कापड काढतो म्हणालं, कुणी खुर्च्या धुतो म्हणालं. गोल दोन मिनिटांत फुटला आणि जो तो कामाला लागला. साडू गोलाबाहेरच उभे राहिले होते.

"अन् मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तुमी भाऊपाशी उभे रहा," देवकाबाई जाता जाता म्हणाल्या. "त्यायले एकटं सोडू नका."

साडू माझ्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी माझा दंड धरला आणि पुढचे दीड-दोन तास सोडला नाही. आमच्या डोळ्यांदेखत मांडव उभा राहिला, आणि मला आयुष्यात कुणाचा इतका आधार वाटला नसेल. बस आली. मुलाच्या मामांनी मांडव वर-खाली न्याहाळला, माझा जीव मुठीत, आणि ते म्हणाले, "बढिया है, फालतू तामझाम नहीं." लग्न मुहूर्तावर लागलं. मुलगी हसत उभी राहिली, रडत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर पटांगण मोकळं झालेलं. माणसं सामान आवरून पुढच्या लग्नाला बोदलकशाकडे रवाना झाली होती. साडू एकटेच खांबांच्या खड्ड्यांमध्ये उभे होते. त्यांना न विचारताच गाडी गेली होती. लग्न उरकलं की काय बरं झालं आणि काय चुकलं, हे सगळ्यांना विचारायचं त्यांचं एक काम असतं. विचारायला आता मीच उरलो होतो. मी म्हणालो की सगळंच बरं झालं, आणि इतकी वर्षं मी तुमची थट्टा करत आलो तेवढं चुकलं. त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.

"काल मले कोनीच काही विचारलं नाही, भाऊ," ते म्हणाले. "आजबी नाही. मीच तं शिकवलं होतं त्यायले, का आपलं आपन ठरवा, माही वाट पाहू नका."

"मंग काऊन डोळे पुसून राहिले?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. "तुमीबी पोरीले हेच शिकवलं होतं ना," ते म्हणाले. "तुमी काऊन पुसून राहिले?"

घरातून बायकोने चहा झाल्याचं सांगितलं. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच उभे होतो.