लवकर भरणारी गाडी

आमच्या लोणखेड्यात पिकअप म्हटलं की एकच गाडी. इतर कंपन्यांच्याही पिकअप आहेत, पण त्यांना कोणी पिकअप म्हणत नाही, ‘ती दुसरी’ म्हणतात. हा त्या दुसरीवर अन्याय आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो आणि सकाळ-संध्याकाळ शेत बघतो. शेतकऱ्यांना मी साहेब वाटतो आणि ऑफिसातल्यांना शेतकरी. म्हणून असेल, पण सगळे जे करतात ते आपण का करायचं, हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्त पडतो.

चहाच्या टपरीवर मी पिकअपवाल्यांना मुद्दाम विचारायचो की हीच गाडी का घेतली. एक जण म्हणायचा, स्प्रिंगचे पाटे दणकट आहेत. दुसरा म्हणायचा, घाटात दम टाकत नाही. तिसरा म्हणायचा, हिचा मेकॅनिक कुठल्याही लिंबाखाली सापडतो. हे सगळं खरंच आहे. तोरणमाळच्या चढावर ही गाडी भरलेली चढताना मी पाहिली आहे, आणि पाहिलं की मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. पण एक उत्तर असं होतं की ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कोणीतरी हमखास म्हणायचा, “हाई गाडी लवकर भराई जास.”

आता गाडी लवकर भरते ही काय गाडीची तारीफ झाली? लवकर भरते म्हणजे तिच्यात कमी माल बसतो. मी हे त्यांना समजावून सांगायचो. ते मान डोलवायचे, चहा संपवायचे आणि पुढच्या वेळी तीच गाडी घ्यायचे.

आमच्या घरातली पहिली पिकअप आबांनी घेतली तेव्हा मी त्यांच्याबरोबर नंदुरबारला गेलो होतो. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही दोघं गेलो असतो तर ठीक होतं, पण आबांनी मावशीलाही बरोबर घेतलं. मावशी ही आमची सख्खी कोणी नाही. सातपुड्यात, काठी नावाच्या गावाच्या पुढे तिचं गाव. दरवर्षी मिरचीच्या तोडणीला ती आपल्या पाड्यावरच्या दहा-बारा बायका घेऊन खाली उतरायची, शेतातल्या झोपडीत राहायची आणि होळीच्या आधी परत जायची. घरी ती तिची बोली बोलायची, आमच्याशी अहिराणी. अंगाने लहानखुरी, पण भरल्या टोपलीखाली ती अशी चालायची की टोपलीतली वरची मिरचीसुद्धा हलत नसे. त्या दिवशी तिच्या हातात रिकामी टोपली होती, डोक्यावर ठेवायची चुंबळ होती, आणि आबांच्या खांद्यावर सुकत आलेल्या मिरचीचं पोतं.

“हाई कसाले?” मी आबांना विचारलं.

“गाडी लेवानी शे ना,” आबा म्हणाले आणि पोतं सावरून चालू लागले.

नंदुरबारला एकाच रस्त्यावर तीन कंपन्यांची तीन दुकानं होती. पहिल्या दुकानात सेल्समन इंजिनाबद्दल सांगायला लागला. आबांनी त्याला हाताने थांबवलं. मावशीने चुंबळ डोक्यावर ठेवली, आबांनी टोपलीत मिरची भरून ती तिच्या डोक्यावर दिली, आणि ती गाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. माल भरायच्या हौद्याच्या बाजूचा पत्रा तिच्या कानांच्या वर येत होता. तिने हातानेच नाही म्हटलं आणि आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातल्या गाडीचा पत्रा ठेंगणा होता, पण त्याच्यावर लोखंडी कठडा होता आणि टोपली त्यात अडकली. तिसऱ्या दुकानात आमच्या गावची पिकअप होती, तिचा पत्रा मावशीच्या खांद्याला लागत होता. मावशी गाडीजवळ गेली, न थांबता मान किंचित पुढे केली, टोपलीची कड पत्र्यावर टेकली आणि मिरची खळकन आत गेली. एक हात टोपलीला, दुसरा मोकळा. वळून ती परत आमच्याकडे चालतही आली होती. मिरचीची धूळ उडाली आणि सेल्समन, मॅनेजर, खुर्चीत बसलेलं एक गिऱ्हाईक, सगळे शिंकायला लागले. मी लाजेने रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आबा शिंकत शिंकत म्हणाले, “हाई लिखी ल्या.”

ती गाडी आमच्याकडे चौदा वर्षं चालली. मिरची, पपई, खताची पोती, लग्नाची भांडी, एकदा शेजाऱ्यांची आजारी म्हैस, सगळं तिने वाहिलं. तिचं दार शेवटी सुतळीने बांधावं लागायचं, पण ती कधी रस्त्यात उभी राहिली नाही. ओळीने बायका यायच्या, न थांबता टोपल्या रित्या करायच्या आणि वळायच्या. पहिली टोपली मावशीची असायची, तो तिचा मान होता. दुपारी बाराच्या आत गाडी भरून नंदुरबारच्या वाटेला लागायची, आणि पथारीवर, म्हणजे जिथे व्यापारी मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या माळावर, आमची मिरची ताजी पोचायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं होतं आणि मला दिसत नव्हतं.

मावशीची आणखी एक सवय होती. हंगाम संपला की ती आपली चुंबळ आमच्या ओसरीतल्या एका खुंटीला अडकवून जायची. जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली, मिरचीने तांबूस झालेली चुंबळ. ती खुंटीवर दिसली की आबा निर्धास्त असायचे. तोडणीला माणसं मिळतील का, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही.

तीन वर्षांपूर्वी नवी गाडी घ्यायची वेळ आली. आबांचे गुडघे गेले होते, काठी धरून ते ओसरीपर्यंत यायचे. व्यवहार माझ्याकडे आला आणि माझ्यात उत्साह संचारला. मी कागदावर तुलना केली. ‘ती दुसरी’ सगळ्यात पुढे होती. हौदा खोल, म्हणजे एका फेरीत जास्त मिरची. केबिन थंडगार. सीट अशी की कमरेला कळतही नाही आपण खड्ड्यातून गेलो. मी ती घेऊन अंगणात आणली, हार घातला, नारळ फोडला. आबांनी ओसरीवरूनच तिच्या हौद्याकडे पाहिलं.

“मावशीले दखाडी का?” त्यांनी विचारलं.

मी हसलो. मावशी बसली डोंगरात, तिचा आणि गाडीचा काय संबंध, असं म्हणालो. आबा म्हणाले, “बरं.” त्यांचं बरं कसं असतं हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मी ते कानामागे टाकलं.

हंगाम आला. बायका उतरल्या. पहिल्या दिवशी मी गाडी बांधाला लावली आणि मावशी पहिली टोपली घेऊन आली. पत्रा तिच्या डोळ्यांच्या वर होता. चौदा वर्षांची सवय, तिने मान पुढे केली. टोपलीची कड पत्र्याच्या काठाखाली आपटली, टोपली तिरपी झाली आणि सगळी मिरची तिच्या तोंडावर, अंगावर आली. तिच्या डोळ्यांत गेली. बायका पाणी घेऊन धावल्या. ती खाली बसून डोळे धूत होती आणि म्हणत होती, “काही नही, भाऊ, काही नही.” मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी उगाच ड्रायव्हरवर ओरडलो.

मग मी उपाय केले, कारण उपाय करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पपईचा एक क्रेट उलटा ठेवला. त्यावर चढून टोपली रिती करायची. भरल्या टोपलीने क्रेटवर चढताना मावशी एकदा डगमगली, सावरली, खाली उतरली आणि परत त्यावर चढली नाही. मग मी एका गड्याला हौद्यात उभं केलं. तो वाकून प्रत्येकीची टोपली घ्यायचा. आता त्याच्यासाठी ओळ थांबायला लागली. बाराला निघणारी गाडी तीनला निघायला लागली. पथारीवर पोचेपर्यंत बाजार उरकत आलेला असायचा, आणि खोल हौद्यात खालची मिरची दबून ओली व्हायची ते वेगळंच.

मावशीचा हात हौद्यातल्या गड्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणून मी तिला निवडायला बसवलं. सडकी मिरची बाजूला काढायची, सावलीत, बसून. मला वाटलं मी तिच्यावर मेहेरबानी केली. ती महिनाभर तिथे बसली. मान खाली घालून निवडायची, आणि ओळ गाडीकडे निघाली की हात थांबवून बघायची. पहिल्या टोपलीचा मान कोणाला द्यायचा हे ठरेना, म्हणून तो प्रकारच बंद पडला. तिच्याइतकं सुरेख काम करणारं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि तिला मी बसवून ठेवलं होतं, केवळ थंडगार केबिनसाठी.

होळीच्या आधी बायका परत निघाल्या. संध्याकाळी आबांनी काठीने मला ओसरीतली खुंटी दाखवली. ती रिकामी होती.

“ली गई,” आबा म्हणाले.

मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या खुंटीकडे बघताना टपरीवरचं ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. गाडी लवकर भरते. हौदा लहान म्हणून नव्हे. बाई न थांबता चालत येते, न थांबता परत जाते, म्हणून लवकर भरते. टपरीवरच्या त्या लोकांना हे नीट सांगता येत नव्हतं, आणि मला सगळं सांगता येत होतं पण हे कळत नव्हतं. त्यांच्या घरच्या गाड्यासुद्धा कधीतरी कोणीतरी बाईने खांद्याने मोजून पसंत केल्या असणार.

महिन्याभरात मी ती दुसरी गाडी बदलली. शहाद्याच्या एका पपईवाल्याने ती आनंदाने घेतली. क्रेट लावायला खोल हौदा चांगलाच, तो आजही तिचं कौतुक करतो आणि ते खोटं नाही. मी आपली पुन्हा लोणखेड्याची पिकअप आणली. सेल्समन इंजिनाबद्दल सांगायला लागला, तर मी त्याला हाताने थांबवलं आणि खिशातून सुतळी काढली. मावशीच्या मापाची. जुनी गाडी अजून गोठ्यामागे उभी होती, तिच्या पत्र्यावरून मी ते माप घेतलं होतं. सुतळी आणि पत्रा बरोबर जुळले.

आणि एका रविवारी मी ती गाडी घेऊन डोंगरात गेलो. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. रिकामी गाडी घाटात उड्या मारत होती आणि कंबर बोलत होती, पण मला तिचा राग आला नाही. काठी गाव मागे टाकून पुढे पाड्यापर्यंत कच्चा रस्ता. मावशी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून उठली, पाण्याचा तांब्या दिला, आबांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. पुन्हा तोडणीला येशील का, हे तिला कसं विचारायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून मी गाडीकडे हात केला.

“मावशी, गाडी बदलाई टाकी. एकदाव देखी ले.”

ती हसली नाही. हात पुसत गाडीजवळ गेली. बाजूला उभी राहिली, खांदा पत्र्याला लावला. मग दोन पावलं मागे गेली, डोक्यावर काहीच नसताना चालत आली, मान किंचित पुढे केली आणि वळली. अंगणातली तिची सून टोपली विणायची थांबून बघत होती. मावशीने परत एकदा तसंच केलं, जणू हौद्यात खरंच काहीतरी पडलं की नाही ते तिला बघायचं होतं.

“मान दुखस आते,” ती म्हणाली. “पहिलासारखं व्हत नही.”

मी म्हणालो, तुला जेवढं होईल तेवढं कर, नाहीतर बसून निवड. हे बोलताच मला माझी जीभ चावावीशी वाटली. ती वळून घरात गेली. मी गाडीला टेकून उभा राहिलो. आपण एवढ्या लांब फक्त नाही ऐकायला आलो, आणि हे आपल्या कर्माने झालं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन चुंबळी होत्या. एक तांबूस झालेली, ओळखीची. दुसरी नवी, कोऱ्या लुगड्याची. तिने दोन्ही सीटवर ठेवल्या.

“हाई सुननी,” नवीला हात लावून ती म्हणाली. मग जुनी जरा सरळ केली. “आन् हाई मन्ही. मी बी येसू. बसाले नही.”

घरी पोचलो तेव्हा आबा ओसरीवर होते. मी दोन्ही चुंबळी त्यांच्या पुढ्यात धरल्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन कष्टाने उभे राहिले, आणि जुनी चुंबळ स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली. नवीसाठी शेजारी आणखी एक खुंटी ठोकायला लागणार होती. हातोडी कुठे आहे ते शोधायला मी आत गेलो.