पाय टेकतील ते गादीवरच

मद्रासला सरकारी कचेरीत नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला. पण मद्रास नेमकं कुठं आहे, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. वडील शिवणकाम करायचे. तालुक्याच्या शाळेतून मी मॅट्रिक झालो आणि हेडमास्तरांनी खटपट करून मला कोल्हापूरच्या एका वसतिगृहात ठेवलं, म्हणून बी.ए. होऊ शकलो. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. गाडी सुटताना आईनं खिडकीशी येऊन विचारलं, "तिथं आपलं बोलणारं कुणी असंल का रे?"

"असेल की," मी म्हणालो.

पहिल्या वर्षी तसं कुणी भेटलं नाही. कचेरीत इंग्रजी, खाणावळीत खुणा. मराठी शब्द तोंडातून बाहेर पडायचा तो फक्त पाय दगडाला ठेचला की. मग कचेरीतला एक तमिळ सहकारी एकदा म्हणाला, "टी. नगरला आमच्या शेजारी तुमची भाषा बोलणारे लोक आहेत. पण ते आमच्याच इकडचे." मला त्याचा अर्थ कळला नाही. त्याच संध्याकाळी मी बस पकडून तिकडे गेलो.

नारळाची दोन झाडं असलेलं बैठं घर होतं. ओसरीवर वेताच्या खुर्चीत एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ग्राम कोणतें तुमचें?" सूर तमिळ होता आणि शब्द माझ्या पणज्याच्या वेळचे. मला लगेच बोलता येईना. "अय्यो, हा तर मुकाच आला," म्हणत त्यांनी सुनेला हाक मारली.

त्यांना सगळे बुवा म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो. वय नव्वदीच्या बरंच पुढे. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. त्यांचा मुलगा शाळेतून निवृत्त झालेला. तो आणि त्याची बायको यांना मी काका, काकू म्हणत असे. गच्चीवरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. घरातल्या पुढच्या पिढीला तमिळ जवळची होती. जुनी मराठी बोलायची ती बुवांनी, काकांनी आणि काकूंनी, आणि काकांना त्यातही मध्येच तमिळ आठवायची.

बुवा कीर्तनकार होते. दर एकादशीला संध्याकाळी ते घरातल्या मोठ्या खोलीत कीर्तन करायचे. एक जाड लोकरीचं कांबळं आणि त्यावर धुतलेलं पांढरं वस्त्र एवढंच अंथरायचं. ती गादी. ती एकदा अंथरली, की तिच्यावर पाय ठेवायचा तो कीर्तनकारानंच, आणि तोही उभा राहून. शेजारची तमिळ मंडळी गाण्यासाठी आणि आरतीसाठी येत. आख्यान मात्र बुवांनी स्वतः रचलेलं, मराठीतलं. कावेरीवरच्या एका नावाड्याची गोष्ट होती ती. देव प्रवासी होऊन त्याच्या होडीत चढतो आणि आपण कोण ते सांगू लागतो. नावाडी म्हणतो, "तें मागाहून सांग. आधी मधोमध बैस, होडी कलंडूलाली!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. खोलीत दुसरं कुणीच हसलं नव्हतं. लोक वळून बघू लागले. कीर्तन संपल्यावर बुवांनी मला जवळ बोलावलं आणि कपाळाला बुक्का लावला.

"तू येईपर्यंत मी हा विनोद त्या खांबाला सांगत होतों," ते म्हणाले. "तो हसत नाही. पण उठून जातही नाही."

त्यानंतर एकादशीला मी कचेरीतून कुठंही न थांबता घरी यायचो.

संक्रांतीचा पोंगल सण होऊन गेल्यावर एका सकाळी बुवा विहिरीपाशी पाय धुऊन वळले आणि पडले. फार जोरात नाही, जणू बसायला गेले आणि मध्येच सुटले. मी जिन्यावरून धावत खाली आलो. एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं. बुवा काकूंना म्हणाले, "धोतर भिजलें, दुसरें आण."

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातले शल्यवैद्य मध्यमवयीन होते, शांत. एवढ्या वयात शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर त्यांनी काकांशी बराच वेळ बोलून घेतलं आणि मग धातूचा खिळा घालून हाड जोडलं. बुवा त्यातून सुखरूप बाहेर आले तेव्हा आम्हाला वाटलं, संकट टळलं. डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर नेलं.

"हाड मी सांभाळलंय," ते इंग्रजीत म्हणाले. "पण या वयाची माणसं हाडानं जात नाहीत, पडून राहण्यानं जातात. छाती भरते, पाठीला जखमा होतात, पाय विसरतात. त्यांना लवकर खुर्चीत बसवा. मी सांगेन त्या दिवसापासून दोघांनी धरून रोज उभं करा. रडले तरी करा."

काकांनी मान डोलावली. आम्ही आत आलो, तर बुवा उशीला टेकून हात जोडून होते. भेटायला आलेली चार माणसं खाटेभोवती उभी होती.

"मी संकल्प केला," बुवा म्हणाले. "रामनवमीचें कीर्तन मी उभा राहून करीन. आतां हे पाय भुईला टेकतील ते गादीवरच. मध्ये कोठें नाही."

चौघांनीही हात जोडले. काकांचे डोळे भरून आले. मला तो क्षण आजही दिसतो. त्या खोलीत कुणी मूर्ख नव्हतं. सगळ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं.

संकल्प म्हणजे संकल्प. घरी आल्यावर काका त्यांना अंग पुसून द्यायचे, काकू भरवायच्या. खुर्चीत बसवायचं तर मी आणि काका उचलून बसवायचो आणि पायाखाली उशी ठेवायचो, म्हणजे भुईला स्पर्श व्हायला नको. ओळखीचे जुने लोक समाचाराला यायचे, संकल्प ऐकून त्यांच्या पायाशी डोकं ठेवायचे. तेही पाय सांभाळून. डॉक्टरांनी उभं करायला सांगितलं तो दिवस आला आणि गेला.

मी एकदा धीर करून विषय काढला. म्हटलं, "बुवा, डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं उभं राहायला हवं. नाहीतर पाय विसरतात."

"साठसत्तर वर्षें हे पाय गादीवर उभे राहिले. ते कसे विसरतील? तू शिकलेला, सांग. तू बाराखडी विसरलास का?"

"बाराखडी डोक्यात असते, बुवा."

"माझें कीर्तन पायांत आहे," ते म्हणाले आणि हसले. मग माझा हात धरून, तमिळमध्ये लहान मुलाला लाडानं हाक मारतात तशी मारून हळूच म्हणाले, "कण्णा, एकदां मज पुन्हा उभें राहून तें आख्यान सांगायचें आहे. समजणारा समोर बसला असतां. एवढेंच."

समजणारा म्हणजे मी. मी त्यांच्या पायाखालची उशी नीट केली.

रामनवमीला घर भरलं. गुळाचं पानक आणि ताक मोठ्या पातेल्यांत करून ठेवलं होतं. मृदंगवाला आला होता. बुवांनी नवं धोतर, उपरणं, डोक्याला पगडी घातली, हातात चिपळ्या घेतल्या. मी आणि काकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गादीवर नेलं आणि सावकाश खाली सोडलं. पावलं वस्त्राला टेकली. बुवांनी मान वर केली, तोंड उघडलं. आणि गुडघे मिटले. आमच्या हातांत त्यांचं सगळं वजन आलं, जे काहीच नव्हतं. पुन्हा एकदा प्रयत्न केला. पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या, त्या थरथरत होत्या, पण धरत नव्हत्या.

"बाजूला घ्या," बुवा म्हणाले.

कुणीतरी तमिळमध्ये सुचवलं, बसूनच होऊ द्या, देव काय रागावणार आहे? बुवांनी मान हलवली. "बसून सांगतात ती गोष्ट." मग आरती झाली. सगळ्यांनी पानक घेतलं. बुवा खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या गादीकडे पाहत होते.

त्यानंतर काही दिवस तसेच गेले. एका सकाळी मी खाली आलो, तेव्हा काकू त्यांच्या खोलीत उभ्या होत्या. खांद्यावर ते कांबळं होतं.

"मामंजी, एक विचारूं का? रागावूं नका."

"विचार."

"गादी म्हणजे हें कांबळेंच ना? मोठ्या खोलीतून उचलून इथें तुमच्या पलंगापाशी अंथरलें, तर ती गादी राहत नाही का?"

बुवांनी कांबळ्याकडे पाहिलं. "राहते."

"मग पोंगलपासून आपण सगळे कोणाची वाट पाहत होतों?"

मी दारातच थांबलो. काका आतल्या खोलीतून येऊन माझ्यामागे उभे राहिले.

"हें तू मज आधी कां विचारलें नाहीस?" बुवा म्हणाले.

"आधी विचारलें असतें, तर सून फार बोलते म्हणाला असतां."

"म्हणालों असतों," बुवांनी कबूल केलं. मग आम्हा दोघांकडे बघून ओरडले, "पाहतां काय? धरा!"

तेव्हापासून रोज सकाळी, मी कचेरीला निघण्याआधी, पलंगापाशी गादी अंथरायची आणि त्यांना उभं करायचं. पण गादीवर मुक्यानं उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम. नमन करायचं आणि आख्यान सुरू करायचं. पाय लटपटले की "पुरे." दुसऱ्या दिवशी पुन्हा नमनापासून. त्यामुळे त्यांच्या पायात किती जोर आला, हे आम्हाला गोष्टीवरून कळायचं. आधी नावाडी फक्त काठावर यायचा. मग होडीत चढू लागला.

"आज कोठवर?" काकू चुलीपासून विचारायच्या.

"दोर सोडला!" बुवा धापा टाकत सांगायचे.

"काल पण दोरच सोडला होता."

"आज नीट सोडला."

एकदा तर ते देव होडीत चढतो तिथपर्यंत पोचले. "मधोमध बैस" म्हणताना हात पुढे करून दाखवावा लागतो. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि पुढे केला. काकांनीही दुसऱ्या बाजूनं श्वास रोखून हात सैल केला. एक वाक्य पुरं होईपर्यंत बुवा आपल्या पायांवर उभे होते. मी हसायचं विसरलो. "हस की रे!" ते म्हणाले आणि बसले.

इस्पितळात दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टर त्यांना बघून खूश झाले. पण छाती बराच वेळ तपासली. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "आता पूर्वीसारखं होईल ना?"

"जे परत येतंय ते येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "या वयात पडून राहून गेलेली ताकद सगळी परत येत नाही."

घरी येताना काका टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

उन्हाळा त्यांनी काढला. दिवाळीच्या सुमारास मद्रासचा पाऊस सुरू झाला, आणि ओल आली तसा खोकला आला, मग ताप. गादी गुंडाळून कपाटावर गेली. एका एकादशीला संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. श्वास घेताना छातीत घरघर होत होती.

"आज कोण सांगणार?" ते म्हणाले.

"आज विश्रांती घ्या, बुवा."

"तू सांग. तुज पाठ आहे."

"मला कीर्तन कुठं येतं?"

"उभें तर राहतां येतें ना? पाय धड आहेत."

मी उभा राहिलो. काकू कांबळं काढायला निघाल्या, पण त्यावर पाय ठेवण्याची माझी हिंमत नव्हती. नुसत्या फरशीवर उभं राहून, शाळेत कविता म्हणायचो तसे हात बाजूला ठेवून, मी नावाड्याची गोष्ट माझ्या तालुक्याच्या मराठीत सांगितली. बुवा मधूनमधून शब्द दुरुस्त करत होते.

"तुझा नावाडी कचेरीत जातो काय रे? केवढें शुद्ध बोलतो!"

काका खुदकन हसले. पुढे देव होडीत चढला आणि आपण कोण ते सांगू लागला. मी हात पुढे करून म्हणालो, "ते मागाहून सांग. आधी मधोमध बस, होडी कलंडतीय!"

आणि बुवा हसले. कीर्तनकारानं आपल्या विनोदावर हसायचं नसतं, म्हणून इतक्या वेळा सांगूनही ते कधी हसलेले मी पाहिले नव्हते. खोकला येईपर्यंत हसले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. "पुढें," त्यांनी खूण केली, आणि मी शेवटापर्यंत सांगितलं.

त्याच आठवड्यात ते गेले.

पुढच्या एकादशीला मी कचेरीतून बाहेर पडलो आणि वाटेत कुठं न थांबता घरी आलो. दारात पोचल्यावर लक्षात आलं की घाई करण्याचं आता काही कारण उरलं नाही. मोठ्या खोलीत देवापाशी दिवा लावलेला होता. काकू एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आलास?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतें येशील म्हणून. बस."

मी बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या ग्रामीं पाऊस केव्हां पडतो रे?" मी सांगू लागलो. त्या ऐकत होत्या, मध्ये काही ना काही विचारत होत्या. दिव्यातलं तेल संपत आलं, तरी आम्ही आपले बोलतच राहिलो.