शिशाचा मासा

एखाद्या माणसाबद्दल लिहायला काहीतरी अधिकार लागतो. माझ्याकडे तो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही कॉमर्सला. शाळेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण आमच्या पाचूबंदरात लोक आता पास्कूआज्याची ओळख एका वाक्यात करून देतात, 'नातवाला शिसं चारलं तो म्हातारा.' हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच मला ते सहन होत नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आजा आमचा शेजारी. जाळं पाण्यात खाली राहावं म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या लावतात, त्या अर्धं बंदर त्याच्याकडून न्यायचं. घराच्या पडवीत चुलीवर लोखंडी कढई ठेवून तो शिसं वितळवायचा आणि पळीने साच्यात ओतायचा. त्याची एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तळहातावर तोलून बघायची. पापलेट असो, पाव असो, कुणाचं तान्हं पोर असो. माझं बारावीचं पुस्तक तोलून म्हणाला होता, "वजन हाय. वाच." त्याचं ठरलेलं बोलणं असं, "वजन नाय तं जालं पान्यावर तरंगतं. मासली खालून हसत जाते." माणसांनाही तो हाच नियम लावायचा. कुणी उगाच भांडत सुटला की म्हणायचा, "शिसं कमी परलं याला."

त्याचा नातू जोएल तेव्हा दुसरीत होता. हा मुलगा एका जागी बसायचाच नाही. जेवता जेवता उठून पळायचा, चर्चमध्ये मिस्साला बाकाखालून सरपटत पुढच्या रांगेत निघायचा, वर्गात खिडकीवर चढायचा. शाळेत बाईंनी त्याच्या आईला, रीटावहिनीला, बोलावून सांगितलं, "घरी वळण लावा, नाहीतर दुसरी शाळा बघा." जोएलचे वडील बोटीवर असायचे, त्यामुळे बोलणी खायची ती वहिनीनेच. गल्लीत कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं नऊ दिवसांची नवेना कर. आजा हसून म्हणाला, "काय नको. याच्या बुडाला शिसं नाय, म्हनून हा बसत नाय. मी लावतो ना."

आणि त्याने खरंच लावलं. एक छोटा मासा ओतला, खिळ्याने त्याचे खवले कोरले, डोळा काढला आणि दोऱ्यात ओवून जोएलच्या गळ्यात घातला.

"आज्या, हा पोहतो?" जोएलने विचारलं.

"नाय, बुरतो. बुरला पायजे. तूपन जरा बूर."

उपाय लागू पडला, हीच यातली वाईट गोष्ट. जोएल मासा तोंडात धरून चोखायचा आणि तेवढा वेळ गप्प बसायचा. आजा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "बगा, लागलं शिसं." मासा हरवला, झिजला, की तो नवा ओतून द्यायचा, पहिल्यापेक्षा जरा मोठा.

हळूहळू जोएलचं पोट दुखायला लागलं. जेवण कमी झालं, चेहरा पांढुरका पडला. चोखणं थांबलं की तो आधीपेक्षा जास्त सैरभैर व्हायचा, मुलांना मारायचा. वहिनी मला म्हणाली, "तू चल रे डॉक्टरकडे. ती इंग्लिशमधी बोलली तं मी काय करू?"

डॉक्टरीणबाई मराठीतच बोलल्या. जोएल झोपेत घोरतो का, त्याला नीट ऐकू येतं का, फळा दिसतो का, असं त्या विचारत होत्या. वहिनी गोंधळून म्हणाली, "मॅडम, हा मस्ती करतो म्हणून आणलाय."

"म्हणूनच विचारते. मस्तीमागे कधी कधी शरीराचंही कारण असतं. रक्त कमी असलं, झोप नीट नसली, तरी मूल असं वागू शकतं." मग त्यांचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. "हे काय रे?"

"आज्याचा मासा," जोएल म्हणाला. "चोखला की मी गप बसतो."

त्यांनी दोरा स्वतःच्या हाताने कापला. काही दिवसांनी तपासणीत कळलं, रक्तात शिसं फार होतं आणि रक्तही कमी होतं. त्या म्हणाल्या, "सगळं शिशामुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. काही मुलं मुळात चंचल असतात. पण शिसं मुलांच्या मेंदूला सोसत नाही, हे नक्की. घरातलं ओतकाम बंद करा. घर नीट धुऊन होईपर्यंत मुलाला दुसरीकडे ठेवा."

आज्याला सांगायचं काम माझ्यावर आलं. तो चुलीपाशीच होता. सगळं ऐकून त्याने कढई खाली उतरवली.

"उतरतं का रं ते रगतातून?"

"उतरतं आज्या. औषध आहे. हळूहळू उतरतं."

"आनि डोक्यातून?"

 

जोएलला गास गावी मावशीकडे ठेवलं, वहिनीही तिथेच राहिली. आज्याने साचा आणि कढई देऊन टाकली. पडवी, भिंती, अंगण तो ओल्या फडक्याने पुसत राहायचा, पुन्हा पुन्हा. गोळ्या मागायला आलेला एकजण चेष्टेने म्हणाला, "काय आज्या, वजन उतरलं का तुझं?" आजा नुसता आत निघून गेला. त्यानंतर कुणी काही द्यायला गेलं की तो हात पुढे करायचा नाही. म्हणायचा, "थितं ठेव."

एकदा मी त्याच्याबरोबर गासला गेलो. त्याने नवा सदरा घातला होता. दारात वहिनीने अगदी सहज विचारलं, "बाबा, हात धुतले ना?" आज्याने दोन्ही हात पुढे केले, पालथे करून दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे. जोएल धावत येऊन त्याच्या पायाला बिलगला. आज्याने हात वर उचलून धरले. "नको, नको," म्हणत राहिला. वहिनी रडायला लागली. म्हणाली, "घ्या ना त्याला, बाबा." त्याने घेतलं नाही.

पुढे मी शिकायला पुण्याला आलो. परवा आईचा फोन आला. आजा गेला, झोपेतच. जोएलला गासहून आणलं होतं. त्याचं शिसं बरंच उतरलंय म्हणे, पोट दुखत नाही, पण बसणं अजून नाहीच. प्रार्थना चालू असताना तो शवपेटीभोवती धावत होता. आई म्हणाली, सगळे बघत होते, पण त्याला कुणी 'बस' म्हटलं नाही.