बापाच्या जागी बसलेले आजोबा

हट्टी, मारकुट्या मुलांसाठीच्या संगमनेरच्या केंद्रात मी दर शनिवारी लेकीला न्यायचे. तिथे एक आजोबा चार वर्षांच्या नातीला आणत. ती चिडली की चावायची. टोपी खिशात घालून, गुडघे धरत ते जमिनीवर बसायचे आणि समुपदेशक ताई सांगतील तसं तिच्याशी खेळायचे.

"हे आईबापांनी शिकायला हवं," ताई म्हणायच्या. आई कामावर असायची. बाप खाली गाडीत मोबाईल बघत बसायचा.

"बोलवा की त्यांना," मी एकदा आजोबांना म्हणाले.

"कोन्त्या तोंडानं बोलवू? तो एवढा हुता तवा मी त्याला पट्ट्यानं बडवायचो."

दिवाळीनंतर ते येईनासे झाले. ताईंनी बापाला फोन केला. तो म्हणाला, "बंद केलं आमी. मी न्हाई का मार खाऊन सरळ झालो?"